आठ वर्षं कोणी मोजायची?

"रक्त थांबलंय ना? मग कशाला पाइप घालून घेताय?" वारज्याच्या पुलाजवळच्या त्या दवाखान्यात हे मी कितीदा ऐकलं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज. डॉक्टर मान वर न करता मेसालामीनच्या गोळ्या लिहून द्यायचे. शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल आलं की म्हणायचे, "झकास!" पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

2023 मध्ये भाचीने हट्टाने दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "पहिल्यांदा रक्त कधी दिसलं?" म्हटलं, 2010. गौरी जेवायच्या दिवशी. पुरण गॅसवर तसंच टाकून धावले होते. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली, मग माझी फाइल उलटसुलट करून शेवटच्या कोलोनोस्कोपीचा कागद काढला. 2014. बायोप्सीच्या रकान्यात आडवी रेघ. ती रेघ मी नऊ वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून मिरवत होते!

पुन्हा तपासणी झाली, निळा रंग फवारून. एक सपाट चट्टा निघाला, रिपोर्ट 'लो ग्रेड डिस्प्लेसिया'. कॅन्सर नव्हे, पण पेशींनी वळण सोडायला सुरुवात केलेली. चट्टा दुर्बिणीतूनच काढला. माझं नशीब. वारज्याच्या डॉक्टरांचं कर्तृत्व नव्हे.

तर ऐका. या आजारात आठ वर्षं झाली की कॅन्सरच्या शोधासाठी कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. ती वर्षं मोजायची पहिल्या लक्षणापासून, निदानापासून नाही. मधे बरं वाटलं म्हणून घड्याळ थांबत नाही. सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर एवढा घोर नको. माझ्यासारखं सगळं मोठं आतडं धरलं असेल तर मात्र हयगय नको. कॅलप्रोटेक्टिन आजची सूज सांगतं, पेशींचं काही सांगत नाही. आपल्या आजारात पी-53 जनुक लवकर बिघडतं, तेही दिसायला धड असलेल्या अस्तरात. म्हणून नुसते मोड (पॉलिप) शोधून भागत नाही, बायोप्सीसाठी तुकडे घ्यावेच लागतात. किती घेतले ते विचारा. सूज शांत असताना तपासणी करा, नाहीतर सुजलेल्या पेशीही बिघडल्यासारख्या दिसतात. पोट साफ करायचं ते ओशट पाणी नाक दाबून पूर्ण प्या.

लिव्हरच्या रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फटेज सारखं वाढलेलं असेल तर पित्तनलिकांचा 'पीएससी' (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिस) हा आजार आहे का ते बघायला लावा. तो असला तर आठ वर्षं थांबायचं नसतं, निदान झाल्यापासून दरवर्षी तपासणी. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर असेल तर तेही आपणहून सांगा.

डिस्प्लेसिया लिहून आलं की दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. नुसता कागद पुरत नाही, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागा. माझे परळला टाटा मेमोरियलला गेले. गोळ्या चुकवू नका, फायली जपा, हे काय सांगायचं.

परवा जुन्या दवाखान्यातून फोन. "मॅडम, बऱ्याच दिवसांत आला नाहीत?" नऊ वर्षांत तपासणीची आठवण करायला मात्र यांना एकदाही माझा नंबर सापडला नव्हता.