जहाजाचे नाक आणि मालाचे भाडे

जळगाव-धुळ्याचा माल परदेशी जातो तेव्हा न्हावा-शेवापर्यंतचा ट्रकखर्च आम्ही व्यापारी पैशापैशाने मोजतो. समुद्रातले भाडे मात्र एजंट सांगेल ते मान्य करतो. या भाड्यात इंधनाचा वाटा मोठा असतो, आणि इंधन किती जळणार हे जहाजाचा आकार व वेग यांवर ठरते.

जहाज पाणी कापते तेव्हा पुढे लाट उठते. ती उठवण्यात इंजिनाची बरीच ताकद वाया जाते. म्हणून मोठ्या जहाजांना पाण्याखाली गोल, फुगीर नाक ठेवतात. नाकाची लाट मूळ लाटेला मारते. पण हे ठरावीक वेगाला व ठरावीक भारालाच साधते.

2008 च्या मंदीनंतर कंपन्यांनी वेग कमी केला. वेग 10 टक्के घटला की ताकद साधारण 27 टक्के कमी लागते. वेळ जास्त लागूनही फेरीचे इंधन सुमारे 19 टक्के वाचते. मात्र जलद चालीसाठी घडवलेले नाक संथ चालीत ओझे ठरले. तेव्हा कित्येक जहाजांची नाके कापून नवी बसविण्यात आली.

व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे, की संथ जहाजात आपले भांडवल जास्त दिवस अडकते. म्हणून भाड्याबरोबर दिवसही विचारावेत, दोन्हींचा हिशेब मांडावा आणि मगच बुकिंग करावे.