काल रात्री दोन वाजता कोण होतं?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आठवतं, नाहीतर अपेंडिक्स. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जागेला कुणी वृद्धाश्रम म्हणतं, कुणी शुश्रूषा केंद्र. पाटी काहीही असो, आईसाठी जागा बघायला निघालात तर दोन फेऱ्या करा.

पहिली फोन करून. पैशांचं तेव्हाच बोला: डायपर, एअर मॅट्रेस, डॉक्टरांची फी वेगळी का, डिपॉझिट परत कधी. सगळं लेखी घ्या.

दुसरी न सांगता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. एका खोलीत लघवीचा वास आला तर चालतं, डायपर बदलत असतील. जिन्यापासून तोच वास असेल तर परत फिरा. मग ज्याला स्वतः जेवता येत नाही अशा एखाद्याकडे बघा. त्याला नीट बसवून भरवतायत का? आधीचा घास गिळेपर्यंत थांबतायत का? आडवं ठेवून भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि न्यूमोनियाचं निमित्त होतं.

आता मुख्य प्रश्न. ‘स्टाफ किती?’ विचारू नका. त्या आकड्यात स्वयंपाकी आणि वॉचमनही मोजतात. ‘काल रात्री दोन वाजता या मजल्यावर कोण होतं?’ असं विचारा आणि ड्युटीचं रजिस्टर मागा. जीएनएम किंवा एएनएम झालेली सिस्टर किती, मावश्या किती, ते त्यात कळतं. मग हिशोब करा. ज्यांना स्वतःला हलता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दोन मावश्यांना मिळून एका पेशंटमागे दहा मिनिटं धरली, तर बारा जणांची फेरी संपायला दोन तास. संपते तोच पुन्हा पहिली खाट. मावशी एकटीच असेल तर काय होत असेल, हे कागदावर मांडायचीही गरज नाही.

कूस बदलल्याचा चार्टही बघा. आत्यासाठी मी एका ठिकाणी पाच वाजता गेले, तर चार्टवर रात्री आठपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. मी चहासुद्धा घेतला नाही.

‘सध्या किती जणांना बेडसोअर आहेत, आणि त्यातले इथे आल्यावर झालेले किती?’ हेही विचारा. ‘आमच्याकडे कुणालाच होत नाहीत’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तिघांना आहेत, एक इथलाच’ म्हणणारी सिस्टर मला जास्त भरवशाची वाटते.

भरदुपारी सगळे गाढ झोपलेले दिसले, कुणाचे हात पलंगाला बांधलेले दिसले, तर कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं ते विचारा. उत्तर टाळलं तर चप्पल घाला.

आईला दाखल केल्यावर पहिला आठवडा रोज वेगळ्या वेळी जा. मोजे काढून टाचा बघा, मग माकडहाड, खुबे. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडला नाही तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. हाताला गरम किंवा टणक लागतं का ते बघा, आणि लागलं तर तिथेच सिस्टरला बोलावून दाखवा.