आपल्या धनुष्याला कोणता बाण?

गेल्या दिवाळीत माझा मामा टेक्सासहून आला तेव्हा माझ्यासाठी सहा बाण घेऊन आला. काळेभोर कार्बनचे, हिरव्या पिसांचे, ३० इंच लांब. काडीवर बारीक अक्षरांत ३४० हा आकडा छापलेला होता. तो मॉडेलचा नंबर असेल असे मला वाटले. सुट्टी संपवून शाळेत आलो तेव्हा माझा भाता बघायला अर्धे हाउस जमले होते.

पुढचे दोन महिने मात्र वाईट गेले. १८ मीटरवरून मारलेला जवळजवळ प्रत्येक बाण डावीकडे जायचा. माझीच बोटे प्रत्यंचेवरून नीट सुटत नसणार असे धरून मी सकाळी पीटीच्या आधी अर्धा तास जास्त सराव केला. तरी फरक पडेना, तेव्हा नेम मुद्दाम उजवीकडे धरायला लागलो. निवडीच्या दिवशी काही बाण मध्ये लागले, काही उजव्या कडेला, काही डाव्या. संघाच्या यादीत माझे नाव नव्हते. मामाला फोनवर मी सांगितले की परीक्षेमुळे भाग घेतला नाही. ते खोटे होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो. आमचे घर बेंगळुरूला के. आर. पुरममध्ये आहे, बाबा तिथल्या रेल्वेच्या लोको शेडमध्ये आहेत. आमच्या खालच्या मजल्यावर सेनेतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका राहतात. ते सातारचे. सेवेत असताना काही वर्षे धनुर्विद्या केलेली. त्यांच्याशी बोलायला बसले की पाच मिनिटांत विषय साताऱ्यावर येतो, आणि खरे सांगायचे तर त्यांना तो हक्क आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सातारची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी साताऱ्यात तयार झालेला नागपूरचा ओजस देवतळे १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेऊन जिंकला. टोकियो ऑलिंपिकला गेलेले, सेनेतले प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे.

मी कौतुकाने मामाचे बाण दाखवले. काकांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारले, "तुझं धनुष्य किती पौंडाचं?"

"अठ्ठावीस."

"अरे बाळा, हे हरणाच्या शिकारीचे बाण. साठ-सत्तर पौंडांच्या धनुष्याचे. तुझ्या धनुष्यावर हा बाण म्हणजे लोखंडाची कांब."

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. पण परदेशातून आलेले बाण, तिकडची माहितीपत्रके आणि तक्ते यांतले बरेचसे शिकारीच्या धनुष्यांसाठी असतात. त्यामुळे आकडे समजून न घेता बाण वापरला की माझ्यासारखी गत होते. सुट्टीत मी जे शिकलो ते इथे लिहितो, कारण आपल्या शाळेत धनुष्य धरणारे बरेच जण आहेत आणि बाण एकमेकांकडून उसने घेण्याची आपल्याला सवय आहे.

आधी लांबी, कारण तिथे चूक झाली तर हाताला बाण लागतो. मागच्या वर्षी मी आठवीतला माझा साडेपंचवीस इंचांचा जुना बाण एका मित्राला दिला होता. तो सहा फूट उंच. त्याने पूर्ण ओढ घेतली आणि बाणाचे टोक रेस्टवरून मागे घसरून त्याच्या डाव्या मनगटाजवळ येऊन टेकले. त्याने त्या क्षणी बोटे सोडली असती तर बाण हातातून आरपार गेला असता. नशिबाने त्याला जाणवले आणि त्याने दोरी सावकाश परत नेली. आम्ही दोघे हसलो. आता ते आठवले की हसू येत नाही.

लांबी काढायची सोपी रीत अशी. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायचे, ताणायचे नाहीत. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत घ्यायचे आणि अडीचने भागायचे. माझे अंतर १७१ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेसदुसष्ट इंच. भागिले अडीच, २७ इंच. ही माझी ओढ. हा अंदाज आहे. खात्रीसाठी हलके धनुष्य आणि खूप लांब बाण घेऊन पूर्ण ओढ घ्यायची आणि धनुष्याची मूठ पुढून जिथे संपते तिथे दुसऱ्याने बाणावर पेनाने खूण करायची. बाण अर्थातच सोडायचा नाही. मी हे तीनदा केले, कारण पहिल्या वेळी कोणी बघत असले की आपण छाती फुगवून जास्त ओढतो.

शिकणाऱ्याने या मापापुढे एक ते दोन इंच जास्त ठेवावेत. आपण अजून वाढत आहोत, आणि लांब बाण नंतर कापता येतो, कापलेला जोडता येत नाही. बाणाची लांबी नॉकच्या खाचेपासून काडीच्या शेवटापर्यंत मोजतात, टोक धरत नाहीत. शिकारीच्या बाणात आणखी एक गोष्ट पाहतात: पुढचे धारदार पाते धनुष्य धरलेल्या बोटांच्या पुढेच राहिले पाहिजे.

आता तो ३४०. त्याला स्पाईन म्हणतात, म्हणजे काडी किती वाकते याचे माप. काडी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात, बरोबर मध्ये १.९४ पौंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि मध्यभाग किती खाली येतो ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ३४० म्हणजे ०.३४० इंच. आकडा जितका मोठा तितकी काडी मऊ. मी हे उलटे समजत होतो.

हा प्रयोग आम्ही घरी केला. डायनिंगच्या दोन खुर्च्या, आईने काट्यावर मोजून पिशवीत भरलेली ८८० ग्रॅम तूरडाळ आणि बाबांची व्हर्निअर. मामाचा बाण साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाकला. ०.३४० इंचाचे मिलिमीटर करा, ८.६ येतात. काकांनी आणलेली ९०० ची काडी जवळजवळ २३ मिलिमीटर वाकली. फरक डोळ्यांना दिसत होता. डाळ त्याच दिवशी शिजली.

पण बाणाला वाकावे का लागते? प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा, ती बाजूला वाकते. प्रत्यंचा सुटते तेव्हा बाणाचे असेच होते. मागून जोराचा धक्का, पुढे जड टोक जागचे हलायला तयार नाही, आणि बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते. बाण वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे जातो, मग उलट बाजूला वाकतो, आणि असा मासोळीसारखा हलत हलत सरळ होतो. याला धनुर्धराचा विरोधाभास म्हणतात. हातून दोन वेळा वाचल्यावर मला ते कळले. काडी फार ताठ असली तर तिला वळसा घालता येत नाही, मूठ तिला बाहेर ढकलते आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असली तर उजवीकडे. डावखुऱ्यांनी उलटे समजावे. कंपाउंडमध्ये दोरी बोटांऐवजी यांत्रिक रिलीजने सुटते, म्हणून तिथे हे बाजूचे वाकणे बरेच कमी असते.

म्हणजे दोन महिने माझे बाण डावीकडे जात होते ते बोटांमुळे नव्हे.

कोणता स्पाईन घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरते: तुमच्या ओढीला धनुष्याची ताकद किती, बाण किती लांब, टोक किती जड. धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात. एक इंच कमी ओढले की साधारण दोन पौंड कमी होतात. माझे २८ चे धनुष्य माझ्या हातात २६ चेच आहे. सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने तपासले, पावणेबारा किलो आले, हिशेब जुळला. लांब बाण जास्त वाकतो, कापला की ताठ होतो. टोक जड केले की काडी मऊ असल्यासारखी वागते. टोकाचे वजन ग्रेनमध्ये असते, १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम.

तक्ता पाहून पहिला अंदाज येतो, पण निकाल मैदानावर लागतो. काका मला ओळखीच्या एका वर्गात घेऊन गेले. (टिन फॅक्टरीपाशी रिक्षा अडकली, पाऊण तास तिथेच. के. आर. पुरमकरांना याचे काही वाटत नाही.) तिथे ८००, ९०० आणि १००० चे २८ इंची बाण मिळाले. प्रत्येकाचे तीन पिसांसह आणि एक बिनपिसांचा. पिसे असली की बाण चुका झाकतो, बिनपिसांचा खरे सांगतो. १८ मीटरवरून ८०० चा बिनपिसांचा बाण बाकीच्या तिघांच्या डावीकडे वीतभर लागला, १००० चा उजवीकडे. ९०० चा चार बोटे अंतरावर. म्हणून ९००.

मात्र त्या दिवशी ९०० चे सगळेच बाण, पिसांचे आणि बिनपिसांचेही, मधल्या पिवळ्यापासून उजवीकडे गेले. आधी कळेना. मग लक्षात आले की नेम उजवीकडे धरायची सवय माझ्या अंगात मुरली होती. चुकीच्या बाणासाठी लावून घेतलेली ती सवय मोडायला अख्खा मे महिना गेला.

एक सावधगिरी राहिली. जोरदार धनुष्यावर फार मऊ कार्बनची काडी सुटतानाच फुटू शकते आणि तिचे तंतू हातात घुसतात. म्हणून कार्बनचा बाण मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलका वाकवावा, कान जवळ नेऊन ऐकावा. कर्र असा आवाज आला तर तो बाण मोडून टाकावा, कितीही महाग असला तरी.

मामाला मी फोन करून सगळे सांगितले, परीक्षेचे खोटेही. तो म्हणाला, दुकानदाराने विचारले होते धनुष्य किती पौंडांचे, आणि मी म्हणालो भाचा मिलिटरी शाळेत आहे, जोरदारच असणार.

जूनमध्ये परत आल्यावर पहिल्या रविवारी मी स्टोअरच्या भिंतीवर इंचांची टेप चिकटवली आणि सातवी-आठवीच्या नऊ जणांचे हात मोजले. दोघांचे बाण आखूड निघाले. त्यातला एक साडेपंचवीस इंचांचा होता, नॉकपाशी माझा जुना नंबर लिहिलेला.