दात पांढरे करण्याआधी

लग्नाची तारीख ठरली की हॉल, साड्या, मेंदी यांच्या जोडीला हल्ली दात पांढरे करणंही यादीत येतं. तू चेन्नईतल्या ओएमआर रस्त्यावरच्या ऑफिसातून फोन करून विचारलंस, ‘मावशी, घरीच काहीतरी करू की डेंटिस्टकडे जाऊ?’ फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. सावकाश वाच.

आधी दात पिवळे कशाने दिसतात ते ओळखायचं. चेन्नईत आल्यापासून तुझी फिल्टर कॉफी दिवसातून तीन-चारदा होते, जेवणावर विड्याचं पानही होतं. हे डाग दाताच्या बाहेरून बसतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून बघ. खरखरीत लागलं तर ते किटण आहे. किटण आणि वरवरचे डाग डेंटिस्टकडे एका बैठकीत स्केलिंग करून निघतात, आणि पुष्कळ जणांचं काम तिथेच होतं. मग ब्लीच कशाला हवं? स्केलिंगने दात झिजतात, हलतात, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. त्यात तथ्य नाही. किटण निघाल्यावर दोन दातांमधली फट उघडी पडते, ती आधीपासून तिथेच असते.

काही रंग आतून असतो. लहानपणी टेट्रासायक्लिन दिलं गेलं असेल तर दातांवर करडे-तपकिरी पट्टे राहतात. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर पांढरे-तपकिरी ठिपके येतात. इथे तमिळनाडूत धर्मपुरी, कृष्णगिरीकडे आणि आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरकडे असे दात गावोगाव दिसतात. असे डाग घासून जात नाहीत. ब्लीचने फ्लोराइडचे पांढरे ठिपके कधी कधी सुरुवातीला उलट जास्तच उठून दिसतात. एकच दात काळपट असेल तर त्याची नस मेलेली असू शकते, त्याचे उपचार वेगळे. आणि वय वाढतं तसं वरचं इनॅमल पातळ होऊन खालचं मूळचं पिवळसर डेंटिन दिसू लागतं. तो काही रोग नव्हे.

आता घरगुती उपायांविषयी. लिंबू आणि मीठ, लिंबू आणि सोडा, स्ट्रॉबेरी, कोळशाची पावडर यांतलं एकही करू नकोस. इनॅमल साधारण ५.५ च्या खालच्या पीएचला विरघळू लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. आपल्या घरांत राखुंडी होती, इथे तांदळाच्या तुसाची उमिक्करी होती. तोच काळा कोळसा आता महागड्या नळीत भरून विकतात. त्याने डाग जातात ते खरवडून जातात, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. मशेरीबद्दल तर बोलायलाच नको, तंबाखूचं दंतमंजन आपल्या देशात १९९२ पासून बंद आहे.

खरं ब्लीच म्हणजे पेरॉक्साइड. ते दोन तऱ्हेने करतात. क्लिनिकमध्ये हिरड्या झाकून २५ ते ४० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दातांवर लावतात, तासाभरात फरक दिसतो. निळा दिवा लावतात त्याचा प्रभाव बघणाऱ्यावर जास्त पडतो, टिकणाऱ्या रंगात त्याने विशेष भर पडत नाही. दुसरी तऱ्हा घरची, पण डेंटिस्टच्या देखरेखीखालची. १९८९ साली अमेरिकेत हेवुड आणि हेमन या दंतवैद्यांनी ती प्रसिद्ध केली. दातांचा साचा घेऊन त्यावर पातळ, पारदर्शक ट्रे बनवतात. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं जेल ठेवायचं, जास्त नाही. ते १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, त्यातून साडेतीन टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. रात्री ट्रे घालायचा, सुमारे दोन आठवडे. जेल हिरडीवर आलं तर लगेच पुसायचं, नाहीतर तिथे पांढरा चट्टा येऊन चुरचुरतं.

माझं मत विचारशील तर लग्नाला दोन महिने असतील तेव्हा ट्रेचीच पद्धत घे. रंग हळूहळू बदलतो, दात कमी शिवशिवतात आणि खर्च क्लिनिकपेक्षा कमी येतो. पुढे वर्ष-दोन वर्षांनी रंग उतरला तर तोच ट्रे पुन्हा चालतो. क्लिनिकची बैठक घाईत असलेल्यांसाठी. तिच्याबद्दल एक गोष्ट सहसा कोणी मुद्दाम सांगत नाही: त्या दिवशी दात कोरडे पडलेले असतात म्हणून ते जास्तच पांढरे दिसतात, दोन आठवड्यांत रंग बसतो. त्यामुळे फोटो आदल्या दिवसाच्या भरवशावर ठेवू नकोस. गार पाण्याची कळ आली तर घाबरू नकोस. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आधी आठवडाभर वापरली की बरंच निभावतं.

पुढच्या दाताला कॅप किंवा फिलिंग असेल तर ते ब्लीचने पांढरं होत नाही, आजूबाजूचे दात मात्र होतात. म्हणून रंग आधी ठरवायचा. डॉक्टर रंगांच्या पट्ट्या दाताशेजारी धरून जुळवतात, ते खिडकीच्या उजेडात करायला सांग आणि तू ओठांवर लिपस्टिक लावून जाऊ नकोस. नवं फिलिंग करायचं असेल तर ब्लीचनंतर दोन आठवडे थांब. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि १८ वर्षांच्या आतली मुलं यांनी हे करूच नये. ब्लीचनंतरच्या दोन दिवसांत कॉफी, रसम, बीट, पान टाळ. एरवीही कॉफी तासभर घोट घोट घेत बसू नकोस, पिऊन झाली की पाण्याची चूळ भर. चिंचेचं रसम प्यायल्यावर अर्धा तास ब्रश करू नकोस.

पार्लरमध्ये कोणी ब्लीच करून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हण. डेंटिस्ट नोंदणीकृतच हवा. पैशांची अडचण असेल तर फोर्ट स्टेशनजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जा, ते १९५३ पासून आहे. या शनिवारी आधी स्केलिंग करून घे. मग रंग कुठे पोचला ते आरशात बघ आणि तरीही वाटलं तरच ट्रेचा साचा दे.