बुरूज कोसळल्यावर कोणता प्रश्न विचारायचा?

आजचं वाचन: लूक १३:१-९



आजच्या वचनभागात लोक प्रभूकडे एक भयंकर बातमी घेऊन आले आहेत. पिलाताने काही गालीली लोकांना यज्ञ करत असतानाच ठार मारलंय. सांगणाऱ्यांच्या मनात काय चाललंय ते प्रभू ओळखतो. 'त्यांनी काहीतरी केलं असणार, उगाच कुणाचं असं होत नाही.' मग प्रभू स्वतःहून दुसरी घटना काढतो. शिलोहातला बुरूज पडला आणि १८ माणसं दगावली. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती का? प्रभूचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे.

हा भाग वाचताना मला इंग्लंडमधलं यॉर्क मिन्स्टर आठवतं. यॉर्क शहरातलं हे शेकडो वर्षं जुनं कॅथेड्रल. ९ जुलै १९८४ च्या पहाटे, सगळं शहर झोपेत असताना, त्याच्या दक्षिणेकडच्या भागाच्या छताला आग लागली. शंभराहून जास्त अग्निशमन जवान झटत होते. आग मुख्य इमारतीत पसरू नये म्हणून शेवटी त्यांनी पाण्याच्या माऱ्याने ते जळतं छत मुद्दाम खाली पाडलं. कारण बहुधा वीज पडणं हेच असावं, असं चौकशीत निघालं.

पण लोकांनी कारण आधीच ठरवून टाकलं होतं. आगीच्या तीनच दिवस आधी, ६ जुलैला, त्याच मिन्स्टरमध्ये डेव्हिड जेंकिन्स यांची डरहॅमचे बिशप म्हणून दीक्षा झाली होती. प्रभूचा कुमारीपासून जन्म आणि त्याचं पुनरुत्थान यांविषयी त्यांनी केलेल्या विधानांवरून मोठा वाद पेटलेला होता. मग काय, वीज पडली ती देवाच्या रागानेच, असं काही जण उघडपणे म्हणू लागले.

जेंकिन्स यांची ती मतं मला पटत नाहीत, हे आधीच सांगतो. पण शिलोहाचा बुरूज मला इथेच अडवतो. एखाद्याची शिकवण चुकीची वाटली तर वचन उघडून तपासावी, बोलावं, वाद घालावा. कोसळलेल्या छताकडे बोट दाखवून देवाचा निकाल वाचायचा अधिकार मात्र प्रभूने आपल्याला दिलेला नाही.

आता त्या आगीतल्या खिडकीकडे वळू या. त्याच भिंतीत उंचावर एक मोठी गोल खिडकी आहे, तिला रोझ विंडो म्हणतात. तिच्या रंगीत काचांपैकी बऱ्याच सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्यावर तांबडे आणि पांढरे गुलाब आहेत. लँकेस्टर आणि यॉर्क ही एकमेकांशी लढलेली दोन राजघराणी लग्नाने एक झाली, त्याची ती खूण. आगीत तिथलं तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं असावं, असा अंदाज आहे. काचेत उष्णता सारखी पसरत नाही. एक बाजू तापून फुगते, दुसरी मागे राहते आणि काच तडकते. खिडकीत काचेचे सुमारे ७,००० तुकडे होते. आगीनंतर त्यांत सुमारे ४०,००० तडे मोजले गेले!

तरी खिडकी खाली पडली नाही. काचेचे तुकडे एकमेकांना शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. त्या पट्ट्या आगीच्या काही वर्षं आधीच नव्याने बसवल्या होत्या. ते काम झालं तेव्हा आगीचा विचार कुणाच्या डोक्यातही नसेल. पण त्या रात्री तडकलेली काच शिशाने धरून ठेवली.

पुढचं काम यॉर्क ग्लेझिअर्स ट्रस्टच्या कारागिरांचं. जुनी काच टाकून नवी बसवणं सोपं होतं. त्यांनी ७३ पॅनेल एकेक करून उतरवली. तडकलेले तुकडे चिकटवायला असा पदार्थ वापरला, ज्यातून प्रकाश काचेतून जावा तसाच जातो, म्हणून तडा डोळ्यांत भरत नाही. मग जोडलेली काच साध्या पारदर्शक काचेच्या दोन थरांमध्ये ठेवली, म्हणजे तिच्यावर भार येऊ नये. हजारो तुकड्यांना हे करायला किती धीर लागला असेल! १९८८ पर्यंत तो सगळा भाग पुन्हा उभा राहिला. नव्या छतावरच्या लाकडी कोरीव फुलांपैकी सहांची चित्रं बीबीसीच्या एका मुलांच्या कार्यक्रमातल्या स्पर्धेतून निवडली होती. म्हणून त्या जुन्या मंदिराच्या छतावर आज चंद्रावर उतरलेला माणूसही दिसतो.

आता पुन्हा वचनाकडे येऊ. बुरुजाबद्दल बोलून झाल्यावर प्रभू लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला देतो. तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाका. माळी म्हणतो, अजून एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. हे दोन भाग एकमेकांना लागून आहेत ते उगाच नाही, असं मला वाटतं. बातमी आणणारे लोक निकाल द्यायला बसले होते. माळी झाडाच्या बुंध्याशी वाकलाय, त्याचे हात मातीत आहेत.

आणि प्रभू आपल्याला मोकळंही सोडत नाही हं. 'ते जास्त पापी नव्हते' म्हटल्यावर तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. दुसऱ्याचा हिशोब मांडायला निघालेलं बोट तो हळूच आपल्याकडे वळवतो. माळ्याने मागितलेली मुदतही एकाच वर्षाची आहे. कृपा आहे, पण ती टाळाटाळ करण्यासाठी नाही.

आमच्या सेल ग्रुपमधल्या एका ताईचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. भेटायला आलेल्या एकाने प्रार्थनेआधी तिला विचारलं, "घरात कबूल न केलेलं काही पाप आहे का, बघा." त्यानंतर कितीतरी महिने ती चर्चला आली नाही. ग्रुपमधल्या एक मावशी मात्र दर गुरुवारी डबा घेऊन तिच्याकडे जायच्या. जवळ बसायच्या, भांडी घासून ठेवायच्या आणि परत यायच्या. काही समजावायला गेल्या नाहीत. ताई पुन्हा चर्चमध्ये आली ती त्या मावशींचा हात धरून. बाळाचं दुःख आजही तिच्यासोबत आहे. पण ती आता गाण्याच्या वेळी उभी राहते.

मित्रांनो, कुणाची नोकरी गेली, लग्न मोडलं, रिपोर्ट वाईट आला, की आपल्या ग्रुपवर कारणं शोधणारे मेसेज पटापट येतात. त्या वेळी स्वतःला विचारा: मी निकाल देणाऱ्यांत बसलोय की खत घालणाऱ्यात? आणि तडकलेले तुम्ही स्वतःच असाल, तर 'देव मला शिक्षा करतोय' हे वाक्य मनात पक्कं करण्याआधी लूक १३ एकदा शांतपणे वाचा. तुमच्यासाठी आणखी एक वर्ष मागणारा माळी तिथे आहे.

आजच्या मननासाठी:
१. अलीकडे कुणाच्या संकटाचं कारण मी मनातल्या मनात ठरवून टाकलं?
२. या आठवड्यात त्या व्यक्तीसाठी हाताने करता येईल असं एक काम कोणतं?
३. प्रभू माझ्यात आज काय खणू पाहतोय?

प्रार्थना: प्रभू येशू, दुसऱ्यांचा न्याय करण्याची आमची घाई काढून टाक. आम्हांला आधी आमच्याच पापांकडे वळव. जे तडकले आहेत त्यांना धरून ठेवायला आमचे हात वापर, आणि आम्ही तडकतो तेव्हा तू आम्हांला टाकून देत नाहीस यावर विश्वास ठेवायला शिकव. आमेन.