तंटा सोडविण्याची विद्या

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली. त्याच सुमारास शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन एका मुलीचे वडील आमच्याकडे आले होते. मुलीने पदवीसाठी वाणिज्य हा मुख्य विषय घेतला होता आणि जोडीला गौण विषय म्हणून संघर्ष-व्यवस्थापन घेण्याचे तिच्या मनात होते. वडील म्हणाले, "सर, भांडणं आमच्या वाड्यात फुकट शिकायला मिळतात. त्यासाठी कॉलेजात फी कशाला भरायची?"

आम्हांस हसू आले. परंतु प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात पहिल्या बाकावरून दोन मुलांची मारामारी झाली. आम्ही दोघांना वर्गापुढे उभे केले, चार शब्द सुनावले, हात मिळवावयास लावले आणि दोघांनाही आपापल्या जागी बसविले. तंटा मिटला, असे आम्हांस वाटले. आठ दिवसांनी एकाची वही फाडलेली सापडली. सहामाहीनंतर दुसऱ्याची आई शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आली, तेव्हा तिच्याकडून कळले की मुलाला मागून फळा दिसत नव्हता. वडिलांची नोकरी सुटलेली; चष्म्याचा खर्च घरी सांगण्याचा त्याला संकोच वाटला. मग आम्ही पहिल्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "मला फक्त माझ्या मित्राजवळ बसायचं होतं. आम्ही दोघं मागे बसलो असतो." हा प्रश्न आम्ही चार महिने आधी विचारला असता तर! मुलाने शाळा सोडण्यास इतरही कारणे होती. तथापि आमचा वाटा आम्ही विसरलो नाही. पदवी होती, प्रशिक्षण होते, मुलांविषयी माया होती. तंटा कसा उलगडावा याचे शिक्षण मात्र आम्हांस कोणी दिले नव्हते.

मागणी आणि गरज

या विद्येचा पहिला धडा हाच आहे. माणूस मागतो ती मागणी. ती ज्यासाठी मागतो ती गरज. दोन मागण्या एकमेकींना छेदतात तेथे दोन गरजा छेदतातच असे नाही. अमेरिकेतील विदुषी मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली एका व्याख्यानात ही गोष्ट साध्या दाखल्याने सांगितली. हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीत कोणाला खिडकी उघडी हवी होती, बाईंना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली, आणि बाईंच्या अंगावर वारा आला नाही. फॉलेटबाईंच्या मते तंटा मिटविण्याचे तीन मार्ग आहेत : एकाने दुसऱ्यास दाबणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, अथवा दोघांच्याही गरजा भागतील अशी नवी वाट शोधणे. तडजोडीत दोघेही काही गमावतात, म्हणून तिसरी वाट शोधून पाहावी, असे त्यांचे सांगणे होते.

पुढे १९७४ मध्ये थॉमस आणि किलमन या दोन अभ्यासकांनी माणसाच्या वागण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या : रेटून नेणे, नमते घेणे, टाळणे, तडजोड करणे आणि सहकार्याने उकल काढणे. यांतील कोणतीही तऱ्हा सर्वकाळ चांगली किंवा वाईट नाही. क्षुल्लक गोष्ट टाळावी हे शहाणपणच. पण सासू-सुनेतील किंवा भावाभावांतील दहा वर्षांची धुसफूस टाळीत राहिल्याने घर फुटते. कोणती तऱ्हा केव्हा योग्य, हे ओळखणे शिकावे लागते.

आपली जुनी ओळख

ही विद्या सर्वस्वी परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. मराठेशाहीत वतनाचे व हद्दीचे तंटे गोतसभेपुढे येत. निवाड्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून राजीनामा घेत, म्हणजे सभेचा निर्णय मान्य करू असा लेखी कबुलीजबाब, आणि त्यास जामीन. मग दोघांच्या तकरिरी लिहीत, साक्षी घेत, आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलाच्या नांगरासारख्या निशाण्या असत. काझी-मुलाण्यांची नावेही अशा कागदांत आढळतात. महजर, राजीनामा, तकरीर हे अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठीने आपलेसे केले. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा कागद. पूर्वी तो राजी असल्याचा कागद होता, हे वाड्यातल्या भांडणात आठवण्यासारखे आहे.

परंतु जुने ते सारे सोने नव्हे. गोतसभेत जातीची उतरंड होती, आणि पुरावा न मिळाल्यास दिव्य करावयासही लावीत. म्हणूनच जुन्या पद्धतीचा अभिमान पुरेसा नाही. तिची पारख हवी.

अहमदाबादचा धडा

आम्ही बडोदेकर. आपल्याच गुजरातेतील एक प्रसंग या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने बारकाईने अभ्यासावा, असे आम्हांस वाटते. १९१७ मध्ये अहमदाबादेत प्लेग आला. कामगार गाव सोडू नयेत म्हणून गिरणीमालकांनी प्लेग-बोनस दिला, आणि साथ ओसरल्यावर तो बंद करण्याचे ठरविले. महागाई तर वाढलेली. १९१८ च्या फेब्रुवारीत गिरण्यांस टाळे लागले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! गांधीजींनी प्रथम हिशेब तपासला आणि पन्नास टक्के वाढ मागणाऱ्या कामगारांस पस्तीस टक्के वाजवी असल्याचे पटविले. मालक वीस टक्क्यांवर अडून होते. साबरमतीच्या काठी रोज सभा भरे, पत्रके निघत.

कामगारांचा धीर सुटू लागला तेव्हा १५ मार्च रोजी गांधीजींनी उपवास आरंभिला. १८ मार्चला समेट झाला. समेटाची रचना पाहा : पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला, पुढे निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. पंच म्हणून आनंदशंकर ध्रुव नेमले गेले आणि त्यांनी पस्तीस टक्क्यांचा निवाडा दिला. दोन्ही पक्षांची अब्रू राखणे हे समेटाचे केवढे मोठे अंग आहे, हे यावरून दिसते. त्याचबरोबर, स्नेही मालकांवर आपल्या उपवासाचे दडपण आले, हा दोष गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत कबूल केला आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याला एवढा प्रामाणिकपणा जमला पाहिजे.

महाविद्यालयात काय शिकावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक असून त्यांतील किमान २४ गौण विषयाचे आहेत. एका श्रेयांकास वर्गातील पंधरा तास धरल्यास हे ३६० तास होतात. विषय सर्वत्र उपलब्ध नाही. म्हणून प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम मागून घ्यावा आणि त्यात चार गोष्टी आहेत का, ते पाहावे : ऐकण्याचा व प्रश्न विचारण्याचा प्रत्यक्ष सराव. वाटाघाट व मध्यस्थी यांच्या पद्धती. लोक अदालत व २०२३ चा मध्यस्थी कायदा यांसारखी कायद्याची ओळख. आणि सत्ता, जात, धर्म, लिंग यांमुळे पडणाऱ्या अंतराचा अभ्यास. नुसत्या व्याख्या पाठ करून परीक्षा देता येत असेल, तर तो विषय न घेतलेला बरा.

चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची. एकाच्या हाती सारे बळ असता "दोघांनी समजून घ्या" म्हणणे हा अन्याय आहे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला समेटाचा उपदेश करणे ही मध्यस्थी नव्हे. उपरोक्त कायद्यानेही फौजदारी गुन्ह्यांचे खटले सामान्यतः मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत. कोठे मध्यस्थी करू नये, हे शिकलेला विद्यार्थीच मध्यस्थीस लायक.

हा विषय मुख्य न घेता गौण का घ्यावा, असेही कोणी विचारील. पदवीच्या पायरीवर तो दुसऱ्या विद्येच्या जोडीनेच शोभतो. अहमदाबादेत हिशेब कळल्यावाचून पस्तीस टक्क्यांपर्यंत कोण पोहोचले असते? वाणिज्याची मुलगी भागीदारांचा तंटा जाणील, परिचारिका रुग्णाच्या नातेवाइकांचा, अभियंता कारखान्यातला. केवळ या विषयावर नोकरी मिळेल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. हाती असलेल्या कामात मात्र तो जन्मभर उपयोगी पडेल.

त्या मुलीच्या वडिलांस आम्ही एवढेच सांगितले : वाड्यात भांडण फुकट शिकावयास मिळते हे खरे, मिटविणे फुकट मिळत नाही, आणि न शिकल्याची किंमत बहुधा दुसऱ्याचे मूल भरते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अभ्यासक्रमाचा कागद तिला आणायला सांगतो." मुलीचा निर्णय मुलीने घ्यावा, परंतु कागद पाहिल्यावाचून नाही म्हणू नये, एवढी आमची सर्व पालकांस विनंती आहे.

घरी करून पाहण्यास तीन प्रश्न

१. आपल्या घरातील एका जुन्या वादात प्रत्येकाची मागणी कोणती, आणि तिच्यामागची गरज कोणती?
२. पाच तऱ्हांपैकी आपली नेहमीची तऱ्हा कोणती? ती कोठे उपयोगी पडली, कोठे महाग पडली?
३. त्या वादात समोरच्याची अब्रू राखून पुढे जाण्याची एखादी वाट आहे काय?

उत्तरे लिहून काढावीत, आणि समोरच्यास दाखविण्यापूर्वी त्याचे म्हणणे एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.