सोळाशेची सवय आणि एकवीस किलोमीटर

भंडारा,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

चि. निखिल,

फेब्रुवारीत नागपूरला होणाऱ्या हाफ मॅरेथॉनसाठी तू नाव नोंदवलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. “रोज धावतोच की तो, जमेल त्याला,” असंही ती म्हणाली. काळजी वाटली ती या वाक्याचीच. आपल्या जिल्ह्यातला पोरगा रोज धावतो म्हणजे नेमकं काय करतो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. साकोली घ्या, पवनी घ्या, तुमसर घ्या, पहाटे पाचला बाहेर पडलं की भरतीची पोरं सुटलेली दिसतात. पोलिसांत जायचं असो की सैन्यात, त्यांचं सगळं जग सोळाशे मीटरमध्ये मावतं. ग्राउंडवर जायचं, घड्याळ लावायचं, जीव तोडून चार फेऱ्या मारायच्या, टायमिंग काढायचं, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायच्या आणि घरी यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हाफ मॅरेथॉन 21.0975 किलोमीटरची असते. म्हणजे तुझे सोळाशे तेरा वेळा सलग आणि वर आणखी तीनशे मीटर. भंडाऱ्याहून निघून पायी लाखनी गाठावी, साधारण तेवढं अंतर. ते जीव तोडून कापता येत नाही. तुला वेगाने धावता येतं, याबद्दल वाद नाही. या तीन महिन्यांत तुला शिकायचं आहे ते सावकाश धावायला, आणि भरतीच्या पोराला याहून अवघड दुसरं काही नसतं.

अविनाश साबळेचं नाव तुझ्या तोंडी कायम असतं, म्हणून त्याचाच हिशेब मांडतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्याने नोकरी केली आणि स्पर्धेतल्या धावण्याकडे तो वळला तो सैन्यात गेल्यानंतर. नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनमध्ये त्याने 1 तास 30 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. दर किलोमीटरला सुमारे 2 मिनिटं 52 सेकंद. या वेगाने सोळाशे मीटर 4 मिनिटं 35 सेकंदांत होतात. सैन्यभरतीत साडेपाच मिनिटांत सोळाशे काढणाऱ्याला वर्षानुवर्षं पैकीच्या पैकी गुण मिळत आले आहेत. त्याहून जवळजवळ मिनिटभर कमी वेळात, थांबा न घेता, तेरा वेळा! पुढे 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं सुवर्णपदक जिंकलं.

हे वाचून छाती फुगवून उद्या जोरात सुटू नकोस. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांच्या सरावाचा साधारण ऐंशी टक्के भाग सोप्या वेगाचा निघाला. याचं कारण शरीरातच आहे. सावकाश आणि बराच वेळ धावलं की स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, चरबी जाळून चालत राहण्याची सवय स्नायूंना लागते. दम काही आठवड्यांत वाढतो. नडगीचं हाड आणि टाचेची शीर मात्र महिने घेतात. भरतीच्या पोरांची नडगी दुखते ती याच तफावतीमुळे. छाती तयार झालेली असते, हाड अजून झालेलं नसतं.

सावकाश म्हणजे किती, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकेका शब्दावर अडखळलास तर वेग जास्त आहे. सुरुवातीला तुला किलोमीटरला सात मिनिटं लागली तरी चालतील. चौकात चहा पिणारा कोणी तरी म्हणेलच, “काहून गा, बुढ्यावानी धावतेस?” म्हणू दे. याच सात मिनिटांच्या चालीने हाफ मॅरेथॉन 2 तास 28 मिनिटांच्या आत पूर्ण होते, आणि पहिल्या खेपेला ही वेळ मुळीच लाजिरवाणी नाही.

आठवड्यातून चार दिवस धाव, जास्त नको. दोन दिवस पाच-सहा किलोमीटर अगदी आरामात. एक दिवस तुझ्या आवडीचा: थोडं पळून अंग गरम झालं की चारशे-चारशेच्या काही फेऱ्या जोरात मार, मध्ये दम घे. तिथे सोळाशेची मेहनत कामी येईल. आणि रविवारी लांब पल्ला. आठ किलोमीटरपासून सुरुवात कर, दर आठवड्याला एक-दीड वाढव, दर चौथ्या आठवड्याला अंतर थोडं कमी कर आणि स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी सतरा-अठरापर्यंत पोहोच. एकवीस आधीच धावून बघायची गरज नाही. शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आण. त्या दिवसांत पाय शिवशिवतात, पोरं हटकून एक शेवटची जोरदार धाव घेतात आणि स्पर्धेच्या सकाळी जडावलेल्या पायांनी उभी राहतात.

रस्त्याचंही बोलतो. राष्ट्रीय महामार्ग 53 वर ट्रकांची रांग तुटत नाही आणि डिसेंबरात कारध्याच्या पुलावर वैनगंगेचं धुकं असं उतरतं की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. तिकडे जाऊ नकोस. नहराच्या पाळीवरचा मुरमाचा रस्ता गुडघ्यांनाही बरा आणि वाहनंही कमी. डांबरी रस्त्यावर जावंच लागलं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने, फिकट कपड्यांत. कोका अभयारण्याकडचा रस्ता सकाळी फार देखणा वाटतो, पण उजाडण्यापूर्वी तो वाघ-बिबट्यांचा आहे.

आता जे कोणत्याही पुण्या-मुंबईच्या धावण्याच्या वेळापत्रकात सापडणार नाही, ते सांगतो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आजारी माणूस ओळखू येतो. वाहक मात्र, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘एएस पॅटर्न’ म्हणतात तो, धडधाकट असतो आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाही माहीत नसतं. वाहकाने धावू नये असं मुळीच नाही. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, पण अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका दीडपट निघाला. असा त्रास बहुधा उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, ताकदीबाहेर जोर लावला की होतो. तुझी सोळाशेची पद्धत तीच आहे! रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात होते, आणि तिच्यात काही आढळलं तर पुढची तपासणीही होते. वाहक निघालास तर दम हळूहळू वाढवायचा, पाणी सांभाळायचं, आणि मांडीत-पोटरीत अचानक कळ आली की तिथेच थांबायचं.

उन्हाची गोष्ट खेळावारी नेऊ नकोस. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण उमेदवारांचे जीव गेले आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आलं. फेब्रुवारीची पहाट गार असली तरी तू पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असेल. मात्र घाबरून तांब्यावर तांब्या पाणीही रिचवू नकोस. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर 488 धावकांचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलं होतं, आणि त्याचं मोठं कारण जास्त पाणी पिणं हेच होतं. तहान लागेल तसं दोन घोट. लांब पल्ल्याला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरं. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेणारे महाभाग भेटतील. त्यांचं ऐकू नकोस, तहानलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाला जड जाते.

खाण्यात आपला जिल्हा नशीबवान. भाताइतकं धावकाच्या कामाचं अन्न दुसरं कुठलं? आदल्या रात्री भात-वरण लवकर जेव. सकाळी दोन तास आधी थोडे पोहे, तर्रीशिवाय. सोबत केळं. जे सरावाच्या रविवारी पचलं तेच स्पर्धेला खा.

झोपेचं मात्र तुझं काही खरं नाही. धान घरात आलं की मंडईच्या जत्रांना सुरुवात होते, गावोगावी दंडारीचे खेळ, पाठोपाठ झाडीपट्टीची नाटकं, आणि नाटक म्हटलं की पहाटेपर्यंत. तुझ्या सरावाचे तीन महिने नेमके याच मोसमात येतात. मंडई सोड असं सांगणारा मामा तुला मिळालेला नाही. शनिवारी रात्रभर नाटक पाहिलंस तर रविवारचा लांब पल्ला सोमवारी-मंगळवारी ने. जागरणानंतर सोळा किलोमीटर धावणं हा पराक्रम नव्हे, दुखापतीला दिलेलं आमंत्रण आहे.

बुटांवरून घरात वाद होणार, तेही ऐकून ठेव. बारामतीत नऊवारीत, अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात जिंकलेल्या लता भगवान करे यांचं नाव कोणी तरी काढेलच. बाईंना सलाम, पण ती शर्यत तीन किलोमीटरची होती आणि आजारी नवऱ्याच्या उपचाराला पैसे नाहीत म्हणून त्या धावल्या. हौसेने धावणाऱ्याने त्या लाचारीचं अनुकरण करू नये. त्याआधीचं उदाहरण आणखी मोठं आहे. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब पल्ला धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि भारताचा चमू ऑलिंपिकला पाठवण्याचं त्यांच्या मनात आलं. पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले, ती 42.75 किलोमीटरची, आणि 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. त्यांच्या टाचा लहानपणापासून अनवाणी मातीवर घडलेल्या होत्या. तुझ्या टाचा कॉलेजात बाकावर बसून घडल्या आहेत. तेव्हा बूट घे. महागडे नकोत, पण अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले घे, आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी घे.

स्पर्धेच्या दिवशी एकच घात होऊ शकतो. ढोल-ताशे, माइकवरचा आरडाओरडा, हजारो माणसं. त्या तंद्रीत तू सोळाशेच्या वेगाने सुटशील. पहिले पाच किलोमीटर लोक तुला मागे टाकून जातील, त्यांना जाऊ दे. त्यातले कित्येक पंधराव्या किलोमीटरला कंबरेवर हात ठेवून चालताना दिसतील. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग थंड पडून घाम सुटला तर रुग्णवाहिकेकडे जा. पदक पुढच्या वर्षीही मिळतं.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. उद्या सोमवार आहे. धावायला जाण्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन सिकलसेलची चाचणी करून घे, आणि निकाल काय आला ते मला फोन करून कळव.

तुझा,
मामा